देवीची अनेक रूपे आणि शेजाऱ्याविषयी खरी साक्ष

तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची महालक्ष्मी व माहूरची रेणुका ही तीन पूर्ण पीठे आणि वणीची सप्तशृंगी हे अर्धे, अशी साडेतीन शक्तिपीठे महाराष्ट्रात मानतात, हे आपणांस ठाऊक आहेच. याखेरीज गावोगावी मरीआई, लक्ष्मीआई व सातीआसरा यांची ठाणी आहेत. हे पाहून आमचे कित्येक बंधू सहज बोलून जातात की, "आपले देव किती हेही या लोकांस सांगता येत नाही." हे बोलणे खरे आहे काय?

मार्कंडेय पुराणात देवीमाहात्म्य नावाचे १३ अध्यायांचे प्रकरण आहे व नवरात्रात त्याचा पाठ होतो. सर्व देवांच्या तेजापासून देवी प्रगट झाली आणि तिने महिषासुरास मारिले, अशी त्यात कथा आहे. पुढे शुंभ दैत्य तिला दूषण देतो की, तू इतर देवींच्या बळावर लढतेस. तेव्हा आपल्यावाचून दुसरी कोणी नाही असे ती सांगते, आणि ब्रह्माणी आदिकरून सर्व देवी तिच्यातच लीन होतात. यावरून दिसते की रूपे अनेक, परंतु शक्ती एक, असे विचारी हिंदू मनुष्य मानितो. हे त्याचे मत आम्हांस मान्य नसेल. तथापि त्याचे जे मत नाही ते त्याच्या माथी मारणे ही खोटी साक्ष होय. नवव्या आज्ञेत शेजारी कोणत्या धर्माचा असावा, याविषयी काही अट घातलेली नाही.

परंतु येथेच विचार संपत नाही. मरीआईच्या ठाण्यापुढे जी बाई पदर पसरते, ती देवी एक की अनेक हा हिशोब करीत नसते. घरातील मूल वाचावे एवढेच तिच्या मनात असते. पटकी हा मरीआईचा कोप असे मानून तिचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडण्याची चाल होती. दुसऱ्या एका भयंकर रोगास तर आमच्या भाषेत 'देवी' हेच नाव पडले, आणि लस टोचण्यास 'देवी काढणे' म्हणू लागले. जिला आई म्हणावयाचे, तिच्याच रागास भ्यावयाचे! आमचा खरा मतभेद आहे तो येथे, देवींच्या संख्येविषयी नव्हे. भयाने मनुष्याचे मन संकुचित होते. आपल्या गावचे संकट पुढच्या गावाच्या शिवेवर गेले म्हणजे त्यास हायसे वाटते.

पटकीचे जंतू रॉबर्ट कॉक याने १८८३-८४ साली मिसर देशात व कलकत्त्यास दाखवून दिले. देवीच्या रोगाचा भारतातील शेवटचा रोगी १९७५ साली आढळला, आणि १९८० साली तो रोग सर्व पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. हे काम सर्व धर्मांच्या लोकांनी मिळून केले. म्हणून त्याविषयी कोणा एका मंडळीने बढाई मारू नये. रोग गेला, तरी बायाबापड्या देवीस आई म्हणतच आहेत. कारण आपले रडणे ऐकणारे कोणी असावे, ही मनुष्याची तहान लसीने भागत नाही. त्या तहानेस हसणे हे निर्दयपणाचे आहे.

आणि आपल्या घरांत भय उरले नाही काय? मूल तापाने फणफणले असता एखादी ख्रिस्ती माता शेजारणीच्या हाती गुपचूप ओटी पाठविते. तिला मंडळीपुढे रागे भरल्याने भय जात नाही. ते केवळ लपते. आम्ही ज्यास बाप म्हणतो त्याच्या प्रीतीची तिला खातरी पटेल, तेव्हाच ते जाईल. ती खातरी पटविणे हे उपदेशकाचे काम आहे, आणि ते रागावण्याहून कठीण आहे.

अथेनै नगरातील मूर्ती पाहून पौलाचा आत्मा संतप्त झाला, तरी त्याने तेथील लोकांची थट्टा केली नाही. त्यांची पूजास्थाने नीट पाहून, त्यांस कळेल अशा रीतीने तो बोलला. आम्हीही असेच करावे. नवरात्रात कोणी विचारिले, तर जेथे आमचे पटते ते मोकळेपणाने सांगावे, व जेथे पटत नाही तेही नम्रतेने सांगावे. आणि त्या शेजारणीच्या घरी जुलाबवांतीचा आजार आला, तर उकळून गार केलेले पाणी, मीठ व साखर घेऊन प्रथम पोहोचणारे आपण असावे. रोग्यास लवकर दवाखान्यात न्यावे, व मागाहून शांतपणे प्रार्थना करावी.