भाव उतरवताना



आपल्या मराठीत ‘भाव’ हा एकच शब्द दोन ठिकाणी चालतो. बाजारात आपण कांद्याचा भाव विचारतो आणि मंदिरात मनातला भाव वाहतो. एरवी हे दोन भाव आपापल्या जागी असतात. घर विकायची वेळ आली की मात्र ते एकमेकांत असे गुंततात की सोडवता सोडवत नाहीत. तुमच्यापैकी अनेकांनी हे अनुभवले असेल. म्हणून आज एक साधा प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. सांगितलेली किंमत खाली आणताना जीव का तुटतो? आणि ती खाली आणणे केव्हा योग्य, केव्हा अयोग्य?

वडील गेल्यावर आमचे तालुक्याच्या गावचे घर आम्ही दोघा भावांनी विकायला काढले. मी ३२ लाख सांगितले. आकडा आणला कुठून? शेजारच्या गल्लीतले घर कितीला गेले हे मी विचारलेही नव्हते. आईने लावलेली तुळस, वडिलांची वीणा टांगायची ती खुंटी, वारीहून आल्यावर जिथे पाय धुतले जात ती ओसरी, हे सगळे मी हिशेबात धरले होते. आठ महिने गेले. माणसे येत, बघत, चहा घेत आणि ‘कळवतो’ म्हणून जात. शेवटी दलाल म्हणाला, “काका, तीन-चार लाख खाली या, नाहीतर हाही पावसाळा जाईल.” त्या रात्री झोप लागली नाही. कोणीतरी खिशातून चार लाख काढून नेल्यासारखे वाटले.

सकाळी हरिपाठाला बसलो आणि मनात आले, ते चार लाख माझ्या खिशात होते तरी कधी? मीच बोललो, मीच ते माझे मानले आणि आता मीच त्यांचे सुतक पाळतो आहे. माउली, आपली निम्मी दुःखे अशीच असतात. हाती आलेले जाण्याचे दुःख समजू शकते. पण जे आलेच नाही ते गेल्याचे दुःख हा निव्वळ अहंकाराचा खेळ आहे.

दुसरी गोष्टही तेव्हाच उमगली. घेणारा त्याच्या संसारासाठी भिंती आणि छप्पर घेतो. त्याची बँक बांधकामाचे वय पाहते, रस्ता पाहते, कागद पाहते. माझ्या आईच्या तुळशीचे पैसे त्याने का द्यावेत? आठवणी आपण विकत नाही, त्या आपल्याबरोबरच येतात. मग त्यांची किंमत मागायची कशी? घर स्वस्तात गेले म्हणून वडील स्वस्त होत नाहीत.

तर मग किंमत उतरवणे हाच परमार्थ का? तसे नाही. इथे सावध राहिले पाहिजे.

मी उदार होऊन आकडा खाली आणायला निघालो, तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, तुझ्या वाटचे सोड. माझ्या पोरीच्या शिक्षणाचे सोडू नकोस.” मला राग आला; पण त्याचे खरे होते. तुकोबारायांची गोष्ट आठवा. सावकारीची खते इंद्रायणीत सोडण्यापूर्वी त्यांनी त्यांचे दोन वाटे केले, अर्धी कान्होबांच्या हाती दिली आणि बुडवली ती फक्त स्वतःची, असे परंपरा सांगते. वैराग्याचा एवढा मोठा धनी, पण दुसऱ्याच्या हक्काला त्याने हात लावला नाही. भावाच्या, बहिणीच्या, आजारी जोडीदाराच्या वाट्यावर आपला त्याग उभा राहत नाही. मग आम्ही दोघे मिळून फिरलो, आजूबाजूची दोन-तीन घरे खरोखर कितीला गेली ते विचारले आणि साडेअठ्ठावीस लाखांवर दोघांचे मन बसले.

मागची भिंत पावसात ओल धरते. उन्हाळ्यात रंग दिला की दिसत नाही. सांगायचे की नाही? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम म्हणते, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न कळणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. पण गळ्यात तुळशीची माळ असलेल्याला कलम कशाला लागावे? आम्ही भिंत दाखवली. दुरुस्तीचे साठ हजार कमी झाले, ते मी माझ्या वाट्यातून दिले. नुकसान वाटून घेता येते किंवा एकट्याने सोसता येते. खरे बोलण्यात मात्र वाटणी नसते, ते दोघांनाही पुरतेच सांगावे लागते.

आणखी एक उतरणे असते, कागदावरचे. प्रत्यक्षात पूर्ण रक्कम घ्यायची आणि खरेदीखतात कमी दाखवायची, बाकीची रोख. मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणे कायद्याला मान्य नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. तरी ‘सगळेच करतात’ म्हणून आपणही करतो आणि संध्याकाळी टाळ हाती घेतो. भाव उतरवावा तर तो खरा उतरवावा. नुसत्या कागदावर उतरवला तर उतरतो तो आपला शब्द.

आणि आज तुम्ही विकणारे नसून घेणारे असाल, तर समोरचा का विकतो आहे ते पाहा. दवाखान्याचे बिल, लेकीचे लग्न, कर्जाचा हप्ता यांनी अडलेल्या माणसाला मुद्दाम थांबवून ठेवायचे, तो खाली आला की आणखी खाली ओढायचे, याला लोक हुशारी म्हणतात. पण त्या घरात लावलेल्या पहिल्या दिव्याला त्याच्या घरच्यांचा उसासा लागतो.

माउली, वारीत आपण रोज संध्याकाळी राहुटी ठोकतो आणि पहाटे उपटतो. कालच्या तळावरच्या जागेचे पैसे कोणी मागत नाही. जागा झाडून मात्र निघतो, मागून दुसरी दिंडी येणार असते. घरही तसेच सोडावे. योग्य ते मागावे, दुसऱ्याचे राखावे, दोष सांगावा, जागा झाडून द्यावी आणि किल्ली देताना मागे वळून एकदा नमस्कार करावा. ज्याच्या भेटीला आपण एवढी वाट चालतो, त्याने स्वतःसाठी जागा घेतली ती एका विटेएवढी.

रामकृष्णहरी!