आतला गंज
नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात एक छोटी, उघड्या टपाची स्पोर्ट्‌स कार तयार होऊ लागली: सॅन स्टॉर्म. दोनच आसनं, रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन, फायबरग्लासची बॉडी. फायबर गंजत नाही. म्हणून वर्षानुवर्षं पडून राहिलेली अशी गाडीही वरून धडधाकट दिसते. पण आतल्या लोखंडी भागांवर गंज चढतो, रबरी नळ्या तडकतात, टाकीतलं पेट्रोल चिकट होतं. ती घरी नीट करणारा जाणता माणूस आधी टाकी धुतो, ब्रेक तपासतो, गंज घासतो. रंगाचा डबा शेवटी उघडतो. नात्यांचंही तसंच. परभणी, सेलू, गंगाखेडच्या कितीतरी घरांत भाऊ-भाऊ सणाला हसून भेटतात, पण आत अबोला साचलेला असतो. आज भावाला फोन करा. राहून गेलेलं बोला.