सेवा : क्षेत्राच्या गरजेची



तीर्थक्षेत्री येणारा प्रत्येक यात्रेकरू देवाला काहीतरी अर्पण करतो. कोणी नारळ वाहतो, कोणी अभिषेक करतो, कोणी यथाशक्ती देणगी देतो. परंतु ज्या भूमीवर देवाने वास केला, त्या भूमीला आपण काय देतो, हा विचार क्वचितच मनात येतो. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तीर्थ हाच प्रश्न आपणांस विचारीत आहे.

दैत्यसूदनरूपी भगवान विष्णूंनी लवणासुराचा वध केला तो याच ठिकाणी, अशी पुराणकथा आहे. शास्त्रज्ञांच्या मते आकाशातून आलेली उल्का येथील काळ्या बसाल्ट खडकावर आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर निर्माण झाले. वर गोमुखाची गोड धार, खाली खारे सरोवर आणि काठी श्री कमळजा देवीचे स्थान, असा हा अपूर्व संगम आहे. सन २००० मध्ये हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला. सन २०२० मध्ये त्यास रामसर पाणथळ स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. त्याच वर्षी जून महिन्यात सरोवराचे पाणी गुलाबी झाले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. डोळ्यांना न दिसणारे हे जीवही याच तीर्थाचे रहिवासी होत.

प्रस्तुत लेखक पूर्वी काही मित्रांसह तेथे श्रमदानास गेला होता. सोबत हौसेने रोपे नेली होती. तेथील वनरक्षकाने आम्हांस नम्रपणे थांबविले आणि उतारावरील वेड्या बाभळीची दाट झुडपे दाखविली. तो म्हणाला, "काका, इथं झाड लावण्यापेक्षा हे परकं झाड काढणं गरजेचं आहे." मूळची परदेशातील ही बाभूळ एकदा रुजली की पसरत जाते आणि स्थानिक गवत व झाडे यांना जागा उरू देत नाही. रोपे परत न्यावी लागली याचे क्षणभर वाईट वाटले. मग दिवसभर त्याच्या देखरेखीखाली झुडपे तोडताना हातांत काटे रुतले, तेव्हा कळले की आम्ही आमची हौस घेऊन आलो होतो. क्षेत्राची गरज आम्ही विचारलीच नव्हती.

सेवेचे मर्म हेच आहे. सेवक धन्याला विचारतो, "काय आज्ञा?" आपल्या विदर्भातील संत गाडगेबाबांनी गावात पाऊल टाकताच हाती खराटा घेतला, कारण त्या गावाची गरज त्यांना दिसली. कीर्तन त्यांनी नंतर केले.

कधी कधी आपली भक्तीच तीर्थास भार होते. धारेखाली लावलेला साबण, पाण्यात सोडलेले निर्माल्य, काठावर टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी हे सर्व अखेर उतारावरून सरोवराकडेच जाते. ज्या हातांनी फूल वाहिले, त्याच हातांनी ते निर्माल्य कलशात ठेवले तर पूजा पूर्ण झाली असे समजावे.

म्हणून सर्व भाविकांस व दात्यांस नम्र विनंती की, यात्रेतील एक तास भूमीच्या सेवेस द्यावा. अभयारण्यात स्वतःच्या मनाने काही तोडू वा लावू नये. प्रथम वन विभागाच्या कार्यालयात विचारणा करावी. लोणारला जाणे न घडले तरी आपल्या गावची बाग, ओढा, गायरान वाट पाहतच आहे. तेथेही आधी विचारावे, मग हात लावावा.

देणगीची पावती आमच्या कार्यालयात मिळते. श्रमदानाची पावती मात्र देवाच्या दरबारी फाटते.

श्रींची कृपा आपणां सर्वांवर अखंड राहो, ही प्रार्थना.

आपला नम्र,
कार्यालय सचिव