मुलें आणि भुताची मालिका

भुताखेतांची मालिका मुलांस पाहूं द्यावी कीं नाहीं, हा प्रश्न हल्लीं पुष्कळ आईबापांपुढें उभा राहतो. अगदीं लहान मुलाविषयीं उत्तर सोपें आहे. खरें कोणतें व खेळ कोणता हें त्यास कळत नाहीं, म्हणून त्यास असें कांहीं दाखवूं नये. खरी अडचण आहे ती दहा ते तेरा वर्षांच्या मुलामुलींची. हीं मुलें दिवसा "हें सगळें नाटक आहे" असें म्हणतात, आणि रात्रीं परसांत एकटीं जाण्यास धजत नाहींत.

या प्रश्नास दोन उत्तरें नेहमीं ऐकूं येतात. एक म्हणतो, "आपण भूतें मानीत नाहीं, मग पाहिल्यानें काय बिघडतें?" दुसरा म्हणतो, "आपण भूतें मानीत नाहीं; म्हणूनच असलें कांहीं घरांत नको." दोघांचीहि नजर भुतावर खिळलेली आहे. आमच्या मतें, गोष्ट संपल्यावर ती भीति मुलाच्या मनांत कोणाकडे वळते व कोणाविषयीं आदर शिल्लक राहतो, यावरून तिची पारख करावी.

उदाहरणार्थ, झी मराठी वाहिनीवरील 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका घेऊं. तिचा पहिला भाग २०१६ सालीं, दुसरा २०१९ सालीं व तिसरा २०२१ सालीं सुरू झाला. सावंतवाडीजवळील आकेरी गांवांतल्या एका जुन्या वाड्यांत तिचें चित्रण झालें. आंबोलीचा किंवा फोंड्याचा घाट उतरून कोंकणांत जाणाऱ्या आपल्या कोल्हापूरकडील लोकांस तसलीं घरें व ती मालवणी बोली परकी नाहीं. पहिल्या भागाचा आरंभ घरचे कर्ते पुरुष अण्णा नाईक यांच्या मृत्यूनें होतो, आणि मागें राहिलेलीं माणसें वाड्यांतील विलक्षण प्रकारांनीं घाबरून जातात. दुसऱ्या भागांत अण्णा हयात असतांनाची हकीकत आहे: त्यांची अरेरावी, परस्त्रीचा नाद आणि माणसांच्या हत्या.

येथें विचारी आईबापांनीं थांबावें. अंधारांत दिसलेली छाया मुलास दोन रात्री जागवील आणि मग विसरली जाईल. परंतु अण्णांचा दरारा, व त्या दराऱ्याचें घरोघरीं झालेलें कौतुक, हें मुलाच्या मनांत अधिक खोल जातें. ज्याला सारें घर भितें तोच मोठा पुरुष, असें ज्या मुलानें त्यांतून घेतलें, त्यास भुतानें काय अधिक बिघडविलें असतें?

भीतीची गोष्ट मुळांतच वाईट असते असें आम्ही म्हणत नाहीं. वेताळपंचविशींतील वेताळ राजाच्या खांद्यावरून न्यायाचीं कोडीं घालतो. मूल भितें खरें, पण कोणाचें बरोबर याचा विचारहि करूं लागतें. रत्नाकर मतकरी यांच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यांतील चेटकीण दिलीप प्रभावळकर यांनीं व पुढें वैभव मांगले यांनीं रंगविली. तिला पाहून मुलें दचकतात आणि पोट धरून हसतातहि. याच मतकरींनीं मोठ्यांकरितां अंगावर कांटा आणणाऱ्या गूढकथा लिहिल्या. कोणत्या वयास किती भीति सोसेल, हें त्या लेखकानें ओळखलें होतें.

हा विवेक सुटला तर नुकसान केवळ मुलाच्या झोंपेचें होत नाहीं. गांवाच्या टोंकास एकटी राहणारी म्हातारी विधवा मुलांस चेटकी वाटूं लागते, आणि तीं तिच्या अंगणांतून जाणें टाळतात. हींच मुलें मोठीं होतात, गोठ्यांतील गाय मरते, आणि बोट कोणाकडे वळतें तें आपण जाणतों. महाराष्ट्रांत २०१३ सालीं जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला. त्यासाठीं वर्षानुवर्षें झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षीं २० ऑगस्ट रोजीं पुण्यांत खून झाला. करणीचा आळ घेऊन कोणाचें जिणें कठीण करणें, किंवा साप चावलेल्यास दवाखान्यांत जाऊं न देतां मंत्र घालीत बसणें, यांस त्या कायद्यानें ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. परंतु मुलाच्या मनांत शेजारणीविषयीं शिरलेला संशय काढणें हें कायद्याचें काम नव्हे. तें घरचें काम आहे.

सरकारी नियमांवर विसंबूनहि चालणार नाहीं. २०२३ च्या दुरुस्तीनें चित्रपटांच्या दाखल्यांत ७, १३ व १६ वर्षें अशा पायऱ्या आल्या. वाहिनीवरील मालिकेस तसा दाखला नसतो. मुलांस अयोग्य असा कार्यक्रम, बहुतेक मुलें पाहत असतात त्या वेळीं दाखवूं नये, व अंधश्रद्धेस उत्तेजन देऊं नये, असें केबलच्या १९९४ च्या नियमांत आहे. परंतु रात्रीं उशिरां लागलेला भाग दुसऱ्या दिवशीं दुपारीं मोबाइलवर पाहतां येतो. तेथें वेळेचें कुंपण उरत नाहीं.

म्हणून आईबापांनीं मालिकेचे दोन-तीन भाग आधीं स्वतः पाहावे, आणि तीन प्रश्न विचारावे. दुबळ्या माणसाविषयीं हिच्यामुळें संशय वाढतो कीं दया? क्रूर माणूस शेवटीं लहान दिसतो कीं मोठा? संकट आल्यावर यांतील माणसें विचार करतात, कीं मांत्रिकाकडे धांवतात? या कसोटीस 'रात्रीस खेळ चाले' चा दुसरा भाग तेरा वर्षांखालील मुलांस योग्य नाहीं, असें आमचें मत आहे. पहिला भाग बारा-तेरा वर्षांच्या मुलानें मोठ्यांजवळ बसून पाहिल्यास आम्ही हरकत घेणार नाहीं.

केवळ मनाई केल्यास मूल शेजारच्या घरीं पाहील, आणि भ्यालें तरी शिक्षेच्या धाकानें सांगणार नाहीं. अशी लपविलेली भीति सर्वांत वाईट. तेव्हां नाहीं म्हणावयाचें तर कारण सांगून म्हणा, आणि होय म्हणावयाचें तर शेजारीं बसा. पाहून झाल्यावर दिवा मालविण्यापूर्वीं मुलास एवढेंच विचारा कीं, यांत तुला कोणाची कींव आली? त्याच्या उत्तरावरून पुढचा भाग दाखवावा कीं नाहीं हें तुम्हांस कळेल.