पाणी सोडणे

मराठीत 'पाणी सोडणे' या शब्दांचे दोन अर्थ होतात. शेताला पाणी सोडले म्हणजे ते आपल्याकडे येते. आणि एखाद्या वस्तूवर पाणी सोडले म्हणजे ती वस्तू आपली राहत नाही. दान देताना हातावरून उदक सोडण्याची जी रीत आहे, तिच्यातून हा दुसरा अर्थ आला. म्हणजे येणे आणि जाणे ही दोन्ही एकाच शब्दांत सांगून आपली भाषा मोकळी झाली आहे. पण ज्याने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या जागेत पाण्याचा साठा बांधला, त्याने यांपैकी कोणते पाणी सोडावे? पहिल्या आंघोळीची घंगाळी भरण्याच्या या दिवसांत हा प्रश्न वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

प्रश्नाला निमित्त झाले ते माझ्या पुतण्याच्या पोहण्याच्या तलावाचे. पुतण्या अमेरिकेत, टेक्सास राज्यात, डॅलस शहराजवळ राहतो. तेथला उन्हाळा आपल्या विदर्भाची आठवण करून देणारा. घरामागच्या अंगणात त्याने १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल असा तलाव बांधायला घेतला होता. हिशेब केला तर हे पाणी ७५,००० लिटर होते. मी तेथे होतो तेव्हा सळयांच्या जाळीवर काँक्रीट फवारून तलावाचे भांडे तयार झाले होते, काठाला फरशा बसल्या होत्या. राहिला होता तो आतला गिलावा, आणि पाणी.

हा गिलावा पांढरे सिमेंट आणि संगमरवराची भुकटी यांचा असतो. तो उन्हात सुकू द्यायचा नसतो. पाण्याखालीच तो पक्का होतो. म्हणून गिलावा संपला की लवकरात लवकर पाणी सोडतात. नळीच्या तोंडाला फडके बांधून ती सर्वांत खोल भागात ठेवतात, म्हणजे धारेने ओला गिलावा उखडत नाही. एकदा सुरू केलेले पाणी काठच्या फरशीच्या मध्यापर्यंत चढेतो थांबवीत नाहीत. मध्येच थांबवले तर त्या पातळीची रेघ भिंतीवर उमटून राहते. आणि भरले म्हणजे संपले असेही नाही. पंप आणि गाळणी चालू करायची. गिलाव्यातून पांढरी धूळ सुटते ती ब्रशाने रोज घासून काढायची. सिमेंटातल्या चुन्यामुळे पाण्याचा सामू चढत जातो, तो आम्ल मोजून घालून साडेसाताच्या आसपास आणायचा. गिलावा मुरायला सुमारे २८ दिवस लागतात. ते सगळे दिवस माझा पुतण्या सकाळ-संध्याकाळ लांब दांड्याचा ब्रश घेऊन काठाने फिरत असे. घरात तान्हे मूल आल्यावर बापाची जी गत होते, तीच त्याची झाली होती.

परंतु या सर्वांच्या आधी एक गोष्ट घडली होती. पाणी सोडण्यापूर्वी नगरपालिकेचा माणूस येऊन कुंपण पाहून गेला होता. कुंपण उंच हवे, फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारे हवे, ते आपोआप मिटले पाहिजे आणि त्याची कडी लहान मुलाच्या हाताला लागता कामा नये. अंगणामागची मोकळी हिरवळ आता गजांआडून दिसू लागली. पुतण्या चिडून म्हणाला, "काका, जागा माझी, पैसा माझा. दुसऱ्यांच्या मुलांची काळजी मी का करायची?" त्यावर आमची सूनबाई शांतपणे म्हणाली, "मूल आधी पडतं. ते आपलं की दुसऱ्याचं, हे मागून कळतं."

तिच्या या एका वाक्यात जे आहे, ते शोधायला अमेरिकेच्या न्यायालयांना बरीच वर्षे लागली. नेब्रास्का राज्यात रेल्वेच्या आवारात, इंजिने वळवण्याच्या फिरत्या चक्रावर खेळताना एका सहा वर्षांच्या मुलाचा पाय चिरडला. मूल परक्या हद्दीत शिरले होते, त्याला कोणी बोलावले नव्हते. तरीही १८७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे कंपनीला जबाबदार धरले. यातूनच पुढे असे तत्त्व रूढ झाले की, जी वस्तू मुलांना ओढून घेते आणि घातकही असते, ती आपल्या जागेत ठेवणाऱ्याने न बोलावलेल्या मुलाचाही विचार केला पाहिजे. घरगुती तलावालाही हे तत्त्व पुष्कळ ठिकाणी लावले जाते. म्हणजे मालकी कुंपणापाशी संपते, जबाबदारी मात्र कुंपणाबाहेर जाते.

आपल्या पूर्वजांनी याच्याही पुढचा विचार केला होता. नवे तळे बांधून झाले, त्यात पाणी आले, तरी धर्मशास्त्राच्या दृष्टीने ते पुरे होत नसे. त्याचा 'उत्सर्ग' व्हावा लागे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात दान आणि उत्सर्ग यांतला भेद मांडला आहे. दान एका व्यक्तीला दिले जाते, आणि दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचा हक्क उरत नाही. उत्सर्ग सर्वांसाठी असतो. आणि सर्वांत देणाराही येतो. म्हणून तळे सोडून देणारा माणूस त्याच तळ्याचे पाणी पिऊ शकतो, पण मालक म्हणून नव्हे, सर्वांपैकी एक म्हणून. मला ही कल्पना फार सुंदर वाटते. काही न गमावता केलेला हा त्याग आहे. जाते ती केवळ मालकीची ऐट.

परंतु सुंदर कल्पनेवर संतुष्ट राहणे ही आपली जुनी खोड आहे. 'सर्वांसाठी' असा संकल्प ज्या समाजात होत असे, त्याच समाजात गुरांना खुले असलेले पाणी माणसांना बंद होते. जोतीराव फुल्यांना १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करावा लागला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले करण्याचा ठराव केला, तरी ठराव कागदावर राहिला आणि पाणी तळ्यात राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यानंतर सनातन्यांनी तळ्याची 'शुद्धी' केली. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. जोतीरावांच्या हौदाचा उत्सर्ग कोणत्याही पोथीतल्या विधीने झाला नव्हता, तरी खरा उत्सर्ग तोच, असे मी म्हणेन.

अमेरिकेची गोष्ट वेगळी नाही. अलाबामा राज्यातल्या माँटगमेरी शहरावर, उद्यानांतल्या काळ्या-गोऱ्या भेदाविरुद्ध न्यायालयात दावा दाखल झाला, तेव्हा १९५९ च्या आरंभापासून शहराने आपली सारी उद्यानेच बंद करून टाकली आणि पोहण्याचा सार्वजनिक तलाव बुजवून टाकला. काळ्या मुलाबरोबर पोहण्यापेक्षा कोणीच न पोहणे त्यांना बरे वाटले! पुढे ज्यांना परवडले त्यांनी खासगी क्लबांत किंवा घरामागच्या अंगणात पाणी शोधले. प्रत्येक खासगी तलाव काही द्वेषातून बांधलेला नसतो, माझ्या पुतण्याचा तर मुळीच नाही. परंतु सार्वजनिक पाणी आटते तेव्हा खासगी पाणी वाढते, एवढे मात्र खरे.

आपल्याकडे आता काय चालले आहे? पुण्या-मुंबईच्या कितीतरी गृहसंकुलांत उन्हाळ्यात पाणी टँकरने येते आणि खाली तलाव निळाशार भरलेला असतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले; त्या गाडीच्या एका डब्यात सुमारे ५० हजार लिटर पाणी मावत असे. म्हणजे घरगुती तलाव हा त्या गाडीचा दीड डबा झाला. ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे जल जीवन मिशनचे उद्दिष्ट २०१९ साली ठरले. त्या मापाने पाच माणसांच्या घराला हे पाणी नऊ महिने पुरेल. म्हणून कोणी पोहूच नये, असे मी म्हणत नाही. हिशेब माहीत असून पोहावे, इतकेच म्हणतो. आणि आणखी एक विचारतो: जी बाई त्या तलावाच्या काठची फरशी रोज पुसते, तिच्या मुलाला त्या पाण्यात उतरता येते का?

तर मग कुंपण असावे की नसावे? असावे. मात्र कुंपणाचे दोन प्रकार आहेत. बाहेरचे मूल बुडू नये म्हणून एक कुंपण असते आणि बाहेरचे मूल पोहू नये म्हणून दुसरे. दोन्हींचे गज सारखे, उंची सारखी, कडीही सारखीच. फरक असतो तो कडी कोणासाठी आणि कधी उघडते यात. सूनबाईने गल्लीतल्या मुलांना त्यांच्या आईबापांसह रविवारी सकाळी पोहायला शिकण्यासाठी बोलवायचे ठरवले, तेव्हा पुतण्या थोडा कुरकुरला आणि मग स्वतःच मुलांसाठी तरंगत्या फळ्या घेऊन आला. पाणी जिथल्या तिथे होते आणि फाटकही होते. पण तलाव खऱ्या अर्थाने पुरा झाला तो त्या दिवशी, असे मी समजतो.

नळीने पाणी सोडायला दीड-दोन दिवस पुरतात. दुसऱ्या अर्थाने पाणी सोडायला पुष्कळदा पिढ्या जातात. मात्र गिलाव्याचा नियम तेथेही लागू आहे: मध्येच थांबले तर रेघ राहते.