एकेकट्याचा दावा

लवादाच्या करारामुळे कामगाराचा हक्क जात नाही, फक्त दाद मागायची जागा बदलते, असं कंपन्या सांगतात. कागदावर ते खरं आहे. अमेरिकेत ओव्हरटाइमचा कायदा १९३८पासून आहे आणि तो कुठल्या करारानं रद्द होत नाही. पण या करारांत बहुधा आणखी एक अट असते: प्रत्येकानं आपला दावा एकट्यानंच चालवायचा, इतरांबरोबर नाही. खरा घाव तिथे बसतो.

विस्कॉन्सिनमधल्या एपिक सिस्टिम्स या सॉफ्टवेअर कंपनीनं एप्रिल २०१४मध्ये कर्मचाऱ्यांना असा करार ईमेलनं पाठवला. कामावर येत राहिलात म्हणजे करार मान्य, असं त्यातच होतं. घरभाडं डोक्यावर असलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर येणारच. त्याला संमती म्हणायला माझं मन धजत नाही.

आता हिशेब पाहा. अर्न्स्ट अँड यंग या हिशेबतपासणी कंपनीतल्या एका कर्मचारी महिलेचा थकलेला ओव्हरटाइम होता १,८६७ डॉलर. कायद्यानं तेवढीच भरपाई वर मिळू शकत होती. एकटीनं लवादात लढायचा अंदाजे खर्च होता दोन लाख डॉलर. असा दावा कोण लावेल? तीच थकबाकी हजार जणांची असली, तर वकील, तज्ज्ञ आणि हजेरीच्या नोंदी यांचा खर्च वाटला जातो आणि लढणं परवडतं. शिवाय एकट्याला वरिष्ठांच्या डोळ्यांवर येण्याची भीती असते, ती वेगळीच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मात्र २०१८मध्ये एपिकच्या खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी, एकट्यानंच दावा चालवायची ही अट वैध ठरवली. आधार होता १९२५चा लवाद कायदा, जो मुख्यतः व्यापाऱ्यांच्या आपसातल्या तंट्यांसाठी झाला होता. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी विरोधी मतात दोन लाखांचं ते उदाहरण दिलं. मला त्यांचंच पटतं.

आपल्याकडे किंगफिशर या विमान कंपनीच्या वैमानिकांनी आणि कर्मचाऱ्यांनी थकलेल्या पगारासाठी मुंबईच्या कामगार न्यायालयात धाव घेतली, तेव्हा कंपनीनं लवादाचं कलम पुढे केलं. मुंबई उच्च न्यायालयानं २०१२मध्ये ते मानलं नाही. औद्योगिक विवाद कायद्यानं कामगार न्यायालयांकडे सोपवलेले तंटे खासगी लवादाकडे वळवता येत नाहीत, असा तो निकाल.

अमेरिकेतल्या कामगारांना दुसरी वाट शोधावी लागली. जेवण पोचवणाऱ्या डोअरडॅश कंपनीच्या हजारो कुरिअरनी करार अक्षरशः पाळला आणि प्रत्येकानं स्वतंत्र लवाद मागितला. कंपनीच्या वाट्याची फी दर दाव्यामागे १,९०० डॉलर होती. ती भरायला कंपनी तयार होईना. उलट कोर्टातल्या एका सामूहिक तडजोडीसाठी हे लवाद थांबवावेत, अशी विनंती तिनं केली. फेब्रुवारी २०२०मध्ये न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी ती फेटाळली आणि ५,०१० जणांशी एकेक करून लवाद चालवण्याचा आदेश दिला. नुसती फीच ९५ लाख डॉलरच्या वर जात होती.