संकर, शुद्धता आणि गोदावरीचे मासे

जालना जिल्ह्यात 'संकरित' हा शब्द शेतकऱ्याच्या लेकरालाही नवा नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे बियाणे कंपनी स्थापन केली आणि जालन्याची ओळख बियाण्यांचे गाव अशी झाली. त्यांच्या कार्याचा आरंभ 'पुसा सावनी' या भेंडीच्या बियाण्यापासून झाला होता. पुढे त्या वाणाची केवडा रोगाशी झुंजण्याची ताकद ओसरली, तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठाने त्याचा रानभेंडीशी संकर घडवून 'परभणी क्रांती' हा वाण शेतकऱ्यांच्या हाती दिला. घरातल्याचे दुखणे रानातल्या नातलगाने बरे केले. म्हणून संकराविषयी आमच्या मनात मुळात आकस नाही.

परंतु शेतातून नदीकडे वळले की प्रश्न अवघड होतो. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून, अंबड, घनसावंगी आणि परतूर तालुक्यांच्या कडेने गोदावरी वाहते. या नदीच्या खोऱ्यातला एक मानाचा मासा म्हणजे महसीर. काही ठिकाणी त्याला खडशी म्हणतात. कर्नल साईक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. मोठ्या खवल्यांचा हा मासा वाहत्या, स्वच्छ, खडकाळ पाण्यात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुराच्या पाण्यात वर चढून जातो. धरणे, आटलेले प्रवाह, वाळूचा उपसा आणि सुरुंग लावून केलेली मासेमारी यांमुळे महसीर कुळाचा ऱ्हास झाला. अशा घटत्या माशाला दुसऱ्या रक्ताची जोड देऊन वाचवावे काय? आणि वाचवले, तर जे वाचले ते नेमके कोण?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकात महसीरचे बीज तयार करण्याचे केंद्र सुरू केले. डॉ. चं. वि. कुलकर्णी यांच्यासारख्या मत्स्यतज्ज्ञांच्या परिश्रमाने तेथे महसीरची लाखो पिले जन्माला आली. १९८०च्या दशकात तेथे महसीरच्या निरनिराळ्या जातींचा आपसांत संकर करून पाहण्यात आला, आणि त्या संकरित माशांचा मूळ जातीशी पुन्हा संबंधही घडवण्यात आला. नद्या माशांवाचून ओस पडू नयेत हीच या मंडळींची तळमळ होती. तिच्याविषयी आम्हांला आदरच आहे.

संकराच्या बाजूने बोलणाऱ्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. एखाद्या प्राण्याची संख्या अगदी थोडी उरली की जवळच्या नात्यातच जोड्या जुळतात आणि दडलेले दोष उघडे पडतात. अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात रानसिंहांची अशीच गत झाली होती. १९९०च्या सुमारास ते अवघे वीस-तीस उरले होते. शेपट्या वाकड्या, हृदये दुबळी. १९९५ साली टेक्सासमधून त्यांच्याच नात्यातल्या आठ माद्या आणून सोडल्या. पिढी सुदृढ झाली, संख्या वाढली, आणि पुढे त्यांतल्या उरलेल्या माद्या तेथून हलवण्यात आल्या. पाहुणे आले, काम करून गेले. घर ज्याचे होते त्याचेच राहिले.

परंतु त्याच अमेरिकेतील पश्चिमेकडच्या नद्यांत याच्या उलट घडले. शिकारीच्या हौसेसाठी तेथे इंद्रधनुषी ट्राउट हा परका मासा सोडण्यात आला. स्थानिक कटथ्रोट ट्राउटशी त्याचा संकर होत गेला आणि कित्येक ओढ्यांत शुद्ध स्थानिक मासा दुर्मीळ झाला. पाण्यात मासे दिसत होते. ज्याचे ते पाणी होते तो मात्र दिसेनासा झाला.

आमच्या घरचे उदाहरण तर अधिक बोचरे आहे. लोणावळ्यात वाढवलेली पिले इतर राज्यांतही गेली, कावेरीतही सोडली गेली. कावेरीला तिचा स्वतःचा महसीर होता, पाठीवर वशिंड असलेला, केशरी परांचा. बाहेरून आलेला निळसर परांचा मासा वाढत गेला आणि तो मूळचा मासा मागे हटत गेला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे दाखवून दिले. २०१८ साली शास्त्रज्ञांनी त्या वशिंडवाल्या माशाची 'टोर रेमादेवी' अशी ओळख पटवली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. ज्यांनी पिले सोडली त्यांच्या मनात पाप नव्हते. त्यांनी एका महसीरला वाचवताना 'महसीर' हे एकच नाव पाहिले. त्या नावाखाली प्रत्येक नदीचे निराळे लेकरू आहे, हे त्यांना दिसले नाही. चांगल्या हेतूने केलेल्या कामाचाही हिशेब द्यावा लागतो, हे आम्ही पापनिवेदनाच्या संस्कारात शिकलो आहोत.

येथे एक आक्षेप आमच्याच मनात उठतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मराठीत 'जात' हा शब्द माशालाही आहे आणि माणसालाही. या भूमीत शुद्धतेच्या नावाने माणसांना पाणवठ्यावरून हाकलण्यात आले. आमच्या ख्रिस्ती समाजातल्या अनेकांचे पूर्वज त्याच वेदनेतून आले. वर्णसंकराचे भय दाखवून माणसाचा विवाह, त्याची पंगत, त्याची विहीरसुद्धा वेगळी पाडण्यात आली. मग आम्ही कोणत्या तोंडाने माशाच्या शुद्धतेची कैफियत मांडावी?

उत्तर असे की, माणसांत जाती देवाने केल्या नाहीत. सारी माणसे एकाच रक्तामांसाची आहेत. त्यांच्यातला भेद माणसाने रचला व तो मोडणे हे पुण्य आहे. माशांमधील भेद माणसाने रचलेला नाही. तो हजारो वर्षांत त्या त्या नदीच्या वेगाने, खडकाने, पुराने घडवला. म्हणून आम्हांला जपायची आहे ती रक्ताची शुद्धता नव्हे, तर ते नाते. मासा आणि त्याचे पाणी यांचे नाते टिकवण्यासाठी संकर करावा लागला तर तो पाप नाही. ते नाते पुसण्यासाठी केला तर ते केवळ नावापुरते रक्षण आहे.

पवित्र शास्त्राच्या पहिल्याच अध्यायात एक गोष्ट सहज नजरेआड होते. फलद्रूप होण्याचा पहिला आशीर्वाद माणसाला मिळालेला नाही. पाचव्या दिवशी तो जलचरांना आणि पक्ष्यांना मिळाला. आणि त्या आशीर्वादातच पाणीही आहे: त्यांनी वाढावे आणि पाणी भरून टाकावे. आशीर्वाद माशाला आणि पाण्याला मिळून दिला गेला. ते दोन वेगळे करता येत नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हेच बजावले की, इतर जीव केवळ आमच्या उपयोगासाठी नाहीत, त्यांना देवापुढे स्वतःचे मोल आहे.

बीज केंद्रांना कोणी नोहाचे तारू म्हणेल. ती उपमा आम्हांला मान्य आहे. पण ती पुरती घ्यावी. नोहाने तारवात जीव सांभाळले ते कायमचे ठेवण्यासाठी नव्हे. पाणी ओसरेल, भूमी पुन्हा राहण्याजोगी होईल, ही आशा नसती तर तारू म्हणजे तुरुंगच ठरला असता. आमच्या गोदावरीची स्थिती उलटी आहे. येथे पूर ओसरण्याची नव्हे, तर प्रवाह परत येण्याची वाट पाहायची आहे. १९७६ साली पैठणचे जायकवाडी धरण पूर्ण झाले. त्याखाली जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणीसावंगी असे बंधारे आले. जालन्याच्या शिवाराला त्या पाण्याची निकड होती, आणि २०१२-१३चा दुष्काळ ज्यांनी टँकरच्या रांगेत काढला त्यांना धरणाविरुद्ध बोलायला आम्ही सांगणार नाही. त्यांची तहान खरी आहे. पण साचलेल्या पाण्यात सोडले जातात ते प्रामुख्याने कटला, रोहू, मृगळ, म्हणजे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे. त्यांवर भोई कुटुंबांची चूल पेटते, हेही खरे. तेव्हा दोष देण्यापेक्षा कबुली देणे बरे: नदीचे तळे करून आम्ही पोट भरले, आणि ज्याला वाहते पाणीच हवे त्याचे घर मोडले.

अशा वेळी प्रयोगशाळेतला संकर आम्हांला एक सोयीचा दिलासा देऊ पाहतो. नदी जशी आहे तशी राहू द्या, तिला सोसेल असा मासा आम्ही घडवू! येथेच आमचा विरोध आहे. जखम करणाऱ्याने हात न थांबवता केवळ मलम बदलत राहावे, तसे हे होईल. संख्या खरोखर मोजकी उरली असेल, दुसरे रक्त जवळच्याच नात्यातले असेल, आणि त्याच वेळी नदीला तिचा थोडा तरी प्रवाह परत दिला जात असेल, तर संकराला आमची संमती आहे. यांतली शेवटची अट सर्वांत महाग आहे, म्हणूनच ती सर्वांत आधी विसरली जाते.

प्रायश्चित्तावाचून क्षमा मागणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. आम्ही नदीपुढे उभे राहून माशाला नवे शरीर देऊ करतो. पण त्याला हवे आहे ते त्याचे जुने पाणी.